कॅल्क्युलेटरवरचा घसारा जुळत नाही, तेव्हा आधी फरक किती ते बघा

हिशेबी वर्ष संपत आलं की माझ्याकडे तीच तक्रार नव्या चेहऱ्याने येते. "यंत्र बिघडलंय बहुतेक, घसारा भलताच दाखवतंय." यंत्र म्हणजे वित्तीय कॅल्क्युलेटर, आणि घसारा म्हणजे मालमत्तेच्या किमतीतला दर वर्षी खर्ची टाकायचा भाग. आजवर अशी जी यंत्रं माझ्या हातात आली, त्यांत खरोखर बिघडलेलं एकच निघालं, आणि त्यावर पाणी सांडलं होतं. बाकी सगळी ठणठणीत होती. ती बिनचूक उत्तर देत होती, पण आपण विचारलाय असं वाटणाऱ्या प्रश्नाचं नव्हे, खरोखर विचारलेल्या प्रश्नाचं.

म्हणून मी यंत्राला हात लावण्याआधी एक वजाबाकी करते. अपेक्षित आकडा एकीकडे, यंत्राचा आकडा दुसरीकडे, मधला फरक किती? बहुतेक वेळा हा फरकच दुखणं कुठे आहे ते सांगून टाकतो.

सगळीकडे एकच उदाहरण वापरते, म्हणजे ताडून बघता येईल. एक यंत्रसामग्री, मूळ किंमत १,००,०००, मोडीची किंमत (आयुष्य संपल्यावर विकून मिळेल ती) १०,०००, उपयुक्त आयुष्य ५ वर्षं. चलन कुठलंही धरा. पूर्ण वर्षांचा हिशेब असेल तर बरोबर उत्तरं अशी:

सरळ रेषा पद्धत (एसएल): दर वर्षी १८,०००.
वर्षांच्या बेरजेची पद्धत (एसवायडी, १ ते ५ ची बेरीज १५, त्यातले अनुक्रमे ५, ४, ३, २, १ वाटे): ३०,०००, २४,०००, १८,०००, १२,०००, ६,०००.
दुप्पट दराची घटती शिल्लक (डीबी, २०० टक्के, म्हणजे दर वर्षी उरलेल्या किमतीच्या ४० टक्के): ४०,०००, २४,०००, १४,४००, ८,६४० आणि शेवटच्या वर्षी फक्त २,९६०.

तिन्ही पद्धतींत पाच वर्षांची बेरीज प्रत्येकी ९०,०००. हे आकडे कागदावर लिहून यंत्राशेजारी ठेवा. तुमच्या खऱ्या मालमत्तेचा घोळ सोडवण्याआधी हे उदाहरण यंत्रात घालून बघा. हे जुळलं तर यंत्र आणि तुमची बटणं दाबायची रीत दोन्ही ठीक आहेत, आणि चूक तुमच्या माहितीत आहे. नाही जुळलं तर पुढे वाचा.

लक्षणं

पुस्तकी किंमत (मूळ किंमत वजा आजवरचा घसारा) नेमकी मोडीच्या किमतीइतकीच कमी येते, म्हणजे इथे १०,००० ने. तपासणी ३.

सरळ रेषेचा घसारा १८,००० ऐवजी १,५०० येतो, किंवा उणे येतो. तपासणी ४.

घटत्या शिल्लकेचं पहिलं वर्ष ४०,००० ऐवजी ८,००० किंवा ४०० दाखवतं. कधी ३६,०००. तपासणी ५.

पहिलं वर्ष चुकतं, मधली वर्षं जुळतात आणि शेवटी एक जास्तीचं वर्ष उगवतं. तपासणी ६, आणि तीच सगळ्यांत जास्त वेळा लागते.

शेवटच्या वर्षी मालमत्ता मोडीच्या किमतीपर्यंत उतरतच नाही. तपासणी ७.

बेरजेत एखाद्या एककाचा किंवा शंभराव्या भागाचा फरक राहतो. तपासणी ८.

हाताने केलेली पडताळणीच ९८,००० असं काहीतरी अचाट देते. तपासणी ९.

आकडे मालमत्तेशी काडीचाही संबंध नसल्यासारखे दिसतात, किंवा पहिल्या वर्षाला दुसऱ्या वर्षाचं उत्तर येतं. तपासणी १ आणि २, म्हणजे आपण सुरुवात करतोय तिथेच.

तपासणी १: आधीच्या माणसाचे आकडे

फुकट आणि दहा सेकंदांचं काम, म्हणून आधी हेच. वित्तीय कॅल्क्युलेटर बंद केला तरी त्यातली माहिती पुसली जात नाही. काल कुणीतरी दुसऱ्या मालमत्तेचा हिशेब केला, आज तुम्ही किंमत आणि आयुष्य बदललं, मोडीची किंमत मात्र कालचीच राहिली.

बीए टू प्लसवर (हा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा वित्तीय कॅल्क्युलेटर) सेकंड आणि मग डीईपीआर दाबून घसाऱ्याच्या तक्त्यात जा आणि तिथे असतानाच सेकंड, सीएलआर वर्क दाबा. तक्त्याबाहेर राहून पडदा साफ करण्याचं बटण कितीही दाबलं तरी तक्ता जसाच्या तसा राहतो. नीट साफ झाला तर आयुष्य १, सुरुवातीचा महिना १, वर्ष १, किंमत आणि मोडीची किंमत शून्य दिसेल. एचपी १२सी वर (हा एचपी कंपनीचा वित्तीय कॅल्क्युलेटर) सोनेरी एफ आणि मग एफआयएन हे पुसण्याचं बटण दाबलं की वित्तीय नोंदी रिकाम्या होतात.

बीए टू प्लसवर आणखी एक गोष्ट. आकडा टाइप केला आणि एंटर न दाबता खालच्या बाणाने पुढे गेलात, तर तो आकडा नोंदला जात नाही. पडद्यावर दिसला होता, म्हणून आपण शपथेवर सांगतो की घातला होता. आकडा खरोखर चलाच्या नावे जमा झाला असेल तर मध्ये बरोबरचं चिन्ह दिसतं, ते बघायची सवय लावा. मी कुणाच्याही शेजारी बसले की आधी खाली-वर बाण दाबून साठवलेले सगळे आकडे मोठ्याने वाचायला लावते. अर्धे लोक तिसऱ्या आकड्यालाच "अरे!" म्हणतात आणि माझं काम संपतं.

तपासणी २: कोणतं वर्ष विचारलंय

बीए टू प्लसच्या तक्त्यात वायआर (वर्ष) समोर असताना सीपीटी (हिशेब करायचं बटण) दाबलं की यंत्र वर्ष एकने पुढे नेतं. ही सोय आहे, पुढच्या वर्षाचे आकडे पटकन बघता यावेत म्हणून दिलेली. पण "उत्तर हवं तर सीपीटी" ही सवय बोटांत भिनलेली असते, म्हणून माणूस पहिल्या वर्षावर उभा राहून सीपीटी दाबतो आणि दुसऱ्या वर्षाचा घसारा पहिल्याचा म्हणून उतरवून घेतो. सरळ रेषेत हे कळतही नाही, कारण दर वर्षी १८,०००च. घटत्या शिल्लकेत ४०,००० च्या जागी २४,००० आले की उघडं पडतं. घसारा बघायला फक्त खालचा बाण लागतो.

एचपी १२सी ची तऱ्हा वेगळी. तिथे आयुष्य एन मध्ये, किंमत पीव्ही मध्ये आणि मोडीची किंमत एफव्ही मध्ये घालायची, आणि वर्षाचा क्रमांक दर वेळी टाइप करून लगेच एफ एसएल, एफ एसओवायडी (वर्षांच्या बेरजेची पद्धत) किंवा एफ डीबी दाबायचं. वर्ष टाइप करायचं विसरलात तर यंत्र त्या क्षणी पडद्यावर जो आकडा असेल त्यालाच वर्ष समजतं. मागचं उत्तर १८,००० पडद्यावर असेल तर तुम्ही अठरा हजाराव्या वर्षाचा घसारा विचारताय.

तपासणी ३: दोन "शिल्लक", दोन अर्थ

फरक मोडीच्या किमतीइतकाच असेल तर इथेच थांबा, बाकी काही बघू नका.

पुस्तकी किंमत म्हणजे मूळ किंमत वजा आजवरचा संचित घसारा. घसारायोग्य शिल्लक म्हणजे त्यातूनही मोडीची किंमत वजा केल्यावर उरतं ते, थोडक्यात पुढे अजून किती घसारा लावता येईल तेवढं. आपल्या उदाहरणात सरळ रेषेने पहिल्या वर्षानंतर पुस्तकी किंमत ८२,००० आणि घसारायोग्य शिल्लक ७२,०००.

बीए टू प्लस दोन्ही दाखवतं, आरबीव्ही (पुस्तकी किंमत) आणि आरडीव्ही (घसारायोग्य शिल्लक) या नावांनी, एकाखाली एक. घाईत दुसरं अक्षर नजरेतून सुटतं. एचपी १२सी मात्र घसाऱ्यानंतर एक्स-वाय अदलाबदलीचं बटण दाबल्यावर फक्त घसारायोग्य शिल्लक देतं. ताळेबंदात जाणारी पुस्तकी किंमत हवी असेल तर तीत मोडीची किंमत स्वतः मिळवावी लागते. मोडीची किंमत शून्य असलेल्या मालमत्तांवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला हा फरक कधी भेटलेलाच नसतो. मग पहिल्यांदा शून्य नसलेली मोडीची किंमत येते आणि तो यंत्राला दोष देतो.

तपासणी ४: उणे चिन्ह आणि बारा

कर्जाचे हप्ते काढणाऱ्यांचा हात खिशातून गेलेली रक्कम उणे घालायला सरावलेला असतो. घसाऱ्यात मूळ किंमत अधिकच घालायची. किंमत उणे १,००,००० आणि मोडीची अधिक १०,००० घेतली तर सरळ रेषेच्या सूत्रातून उणे २२,००० निघतं. १८,००० आणि २२,००० यांचा काय संबंध म्हणून लोक तासभर डोकं धरून बसतात. संबंध एवढाच की वजाबाकीची बेरीज झाली.

आणि १,५०० आलं असेल तर १८,००० ला बाराने भागून बघा. एचपी १२सी वर निळं जी दाबून एन दाबलं की आकडा बाराने गुणून साठवला जातो. कर्जासाठी ते वर्षांचे महिने करायला सोयीचं, घसाऱ्यात मात्र ५ वर्षांची मालमत्ता ६० वर्षं जगते. घसाऱ्याचं आयुष्य नेहमी वर्षांत.

तपासणी ५: दर की गुणक?

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण चूक साधी असली तरी तिच्यामागचा गोंधळ साधा नाही.

घटत्या शिल्लकेसाठी यंत्र जो टक्का मागतं, तो घसाऱ्याचा दर नाही. तो सरळ रेषेच्या दराच्या किती पट हे सांगणारा गुणक आहे. ५ वर्षांच्या आयुष्याला सरळ रेषेचा दर २० टक्के. त्याची दुप्पट ४० टक्के. यंत्राला सांगायचं २००, ४० नव्हे. तुम्ही ४० घातलंत तर यंत्र ४० भागिले ५ करून ८ टक्के दर धरतं आणि ८,००० दाखवतं. "दुप्पट" म्हणून नुसते २ घातलेत तर ४००. बीए टू प्लसवर हा गुणक डीबी समोर जातो आणि मुळात २०० असतो, एचपी १२सी वर तो आय मध्ये घालावा लागतो.

३६,००० आले असतील तर ते बहुधा यंत्राचं उत्तर नाही, तुमचा कागदी हिशेब आहे. घटत्या शिल्लकेत मोडीची किंमत आधी वजा करायची नसते. दर पूर्ण पुस्तकी किमतीवर लागतो, आणि मोडीची किंमत फक्त तळ म्हणून काम करते, त्याखाली जायचं नाही एवढंच. म्हणून तर उदाहरणातल्या पाचव्या वर्षी १२,९६० चे ४० टक्के म्हणजे ५,१८४ न लावता फक्त २,९६० लावले.

आता खरी मेख. पुष्कळ ठिकाणी दर गुणकातून येतच नाही. तो ठरवून दिलेला असतो, किंवा मोडीच्या किमतीला बरोबर पोचेल असा सूत्राने काढलेला असतो. सूत्र असं: मोडीची किंमत भागिले मूळ किंमत, त्याचं आयुष्याइतकं मूळ, आणि ते १ मधून वजा. आपल्या उदाहरणात ०.१ चं पाचवं मूळ सुमारे ०.६३०९६, म्हणून दर ३६.९०४ टक्के. हा घसारा पहिल्या वर्षी ३६,९०४ आणि दुसऱ्या वर्षी सुमारे २३,२८५ होतो. दुप्पट दराच्या ४०,००० शी तो जुळणार नाही, जुळायलाही नको. दोघांनाही लोक "घटती शिल्लक" म्हणतात आणि मग एकमेकांचे आकडे चूक ठरवतात.

ठरलेला दर यंत्रात घालायचा असेल तर त्याला आयुष्याच्या वर्षांनी गुणा आणि गुणक म्हणून द्या. ३६.९०४ गुणिले ५ म्हणजे १८४.५२. हा आकडा डीबी समोर घातला की यंत्र तुमच्या दराने चालतं. आयुष्य दिलंच नसेल, फक्त १५ टक्के दर असेल, तर आयुष्य २० धरून गुणक ३०० द्या. २० ने भागल्यावर पुन्हा १५ च होतात. मात्र अशा वेळी मोडीची किंमत शून्य ठेवा, नाहीतर ती मध्येच तळ बनून अडवेल.

तपासणी ६: पहिलं वर्ष अपुरं असतं तेव्हा

मालमत्ता वर्षाच्या पहिल्याच दिवशी आली तर आयुष्य सोपं असतं. तशी ती क्वचितच येते.

बीए टू प्लस एम०१ या नावाने सुरुवातीचा महिना विचारतं. त्यावरून पहिल्या वर्षाचा वाटा १३ वजा महिना, भागिले १२ असा धरतं. चौथा महिना घातला तर ९ भागिले १२. म्हणजे पहिल्या वर्षी १३,५००, नंतर चार वर्षं १८,०००, आणि सहाव्या वर्षी उरलेले ४,५००. पाच वर्षांच्या मालमत्तेला सहावं वर्ष दिसलं की लोक दचकतात. दचकू नका, पाच वर्षांचं आयुष्य सहा हिशेबी वर्षांवर पसरलंय, बेरीज ९०,००० च आहे. सहावं वर्ष न बघता खातं बंद केलं तर ४,५०० लोंबकळत राहतात.

पहिला सापळा: चौथा महिना कुठून मोजायचा? यंत्राला तुमचं हिशेबी वर्ष कधी सुरू होतं ते ठाऊक नाही. ते आपलं पहिल्या महिन्यापासून मोजतं. तुमचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असेल आणि मालमत्ता जुलैत वापरायला तयार झाली असेल, तर एम०१ मध्ये ४ जायला हवेत. हात मात्र ७ वर जातो, कारण जुलै म्हणजे सात हे लहानपणापासून पाठ. सातने पहिल्या वर्षाचा वाटा निम्मा होतो आणि घसारा ९,०००. बरोबर आकड्यापेक्षा ४,५०० कमी, आणि गंमत म्हणजे मधल्या चार वर्षांत सगळं जुळतं. त्यामुळे चूक दोन टोकांना लपून बसते. मी स्वतः पहिल्यांदा यात सापडले तेव्हा अख्खी संध्याकाळ मूळ किमतीत चूक शोधत होते.

दुसरा सापळा यंत्र बदललं की लागतो. कॅसिओ एफसी-२००व्ही वर वायआर१ नावाची नोंद असते. दिसायला तीच, अर्थ उलटा. तिथे सुरुवातीचा महिना नाही, पहिल्या वर्षात घसाऱ्याचे किती महिने पडतात ते द्यायचं. त्याच मालमत्तेला बीए टू प्लसवर ४ आणि कॅसिओवर ९. कॅसिओवर ४ घातलेत तर पहिल्या वर्षी ६,००० येतात. कार्यालयात दोन जणांकडे दोन बनावटीची यंत्रं असली की हे भांडण ठरलेलं. मी एक चिठ्ठीच चिकटवून दिली आहे: "दोन्हींची बेरीज १३ आली पाहिजे."

महिन्याच्या मध्यापासून मोजायची रीत असेल तर बीए टू प्लसवर दशांश चालतो. ४.५ घातलं की वाटा ८.५ भागिले १२, म्हणजे १२,७५०.

एचपी १२सी वरची तयार बटणं पूर्ण वर्षंच धरतात. अपुऱ्या वर्षासाठी त्याच्या पुस्तिकेत वेगळे प्रोग्रॅम दिले आहेत. ते घालायचा कंटाळा असेल तर सरळ रेषेसाठी पहिलं वर्ष हाताने वाट्याने गुणा आणि उरलेला भाग शेवटी जास्तीच्या वर्षात टाका. घटत्या शिल्लकेत एवढं सोपं नाही, कारण पहिल्या वर्षाचा बदल पुढे सगळीकडे वाहत जातो. नऊ महिन्यांच्या पहिल्या वर्षी ३०,०००, मग शिल्लक ७०,००० आणि दुसऱ्या वर्षी २८,०००. इथे कुणी २४,००० ची वाट बघत बसला असेल तर चूक त्याच्या अपेक्षेत आहे.

आणि मुळात महिना कोणता? खरेदीचा, बसवल्याचा की पहिल्यांदा चालवल्याचा? आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस १६ प्रमाणे मालमत्ता वापरासाठी उपलब्ध झाली की घसारा सुरू होतो. म्हणजे ती ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या कामासाठी सज्ज स्थितीत असली पाहिजे. बिलावरची तारीख त्याआधीची असू शकते. तुमच्याकडे दुसरा नियम लागू असेल तर तो बघा, पण बिलाची तारीख डोळे झाकून उचलू नका.

तपासणी ७: शेपूट उरतं

गुणक १५० घेऊन उदाहरण करा. दर ३० टक्के: ३०,०००, २१,०००, १४,७००, १०,२९०, ७,२०३. नुसत्या सूत्राने पाच वर्षांनंतर शिल्लक १६,८०७ राहते, मोडीच्या किमतीपेक्षा ६,८०७ जास्त. यात चूक कुणाचीच नाही. घटत्या शिल्लकेला मोडीची किंमत गाठायची घाई नसते.

म्हणून एका टप्प्यावर सरळ रेषेवर उडी मारायची पद्धत आहे. उरलेली घसारायोग्य रक्कम उरलेल्या वर्षांनी भागून जे येईल ते घटत्या आकड्यापेक्षा मोठं झालं की वाट बदलायची. इथे चौथ्या वर्षी घटता आकडा १०,२९० आणि सरळ रेषेचा २४,३०० भागिले २ म्हणजे १२,१५०. त्यामुळे चौथं आणि पाचवं दोन्ही वर्षं १२,१५०. बीए टू प्लसवर ही पद्धत डीबीएक्स नावाने आहे. पद्धत बदलायला सेकंड, सेट दाबत राहायचं. डीबी आणि डीबीएक्स यांत एकाच अक्षराचा फरक, तेव्हा पडद्यावर कोणतं आहे ते वाचा. दोन सहकाऱ्यांची पहिली तीन वर्षं जुळून चौथं फुटत असेल तर शंभरातले शंभर वेळा हेच असतं.

तपासणी ८: पैपैचा फरक

बीए टू प्लस घसारा आणि शिल्लक तुम्ही निवडलेल्या दशांश स्थळांपर्यंत खरोखर पूर्णांकित करतं, नुसतं पडद्यावर लपवत नाही. मूळ किंमत १,००,०००, मोडीची शून्य, आयुष्य ३ असं घातलं तर दोन दशांशांवर ३३,३३३.३३ दोनदा आणि शेवटी ३३,३३३.३४. शून्य दशांशांवर शेवटी ३३,३३४. तुमच्या संगणकावरचा तक्ता पूर्ण दशांश बाळगत असेल तर हा फरक येणारच. दोन्हीकडे एकच दशांश ठेवा आणि शेवटच्या वर्षी उरलेलं सगळं संपवा. यासाठी यापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

तपासणी ९: पडताळणीच चुकली तर

बीए टू प्लस कारखान्यातून येतं तेव्हा साखळी पद्धतीवर असतं, म्हणजे दाबाल त्या क्रमाने गणित करतं. १,००,००० वजा १०,००० भागिले ५ दाबलंत तर १८,०००. कुणी ते एओएस वर ठेवलं असेल तर भागाकार आधी होतो आणि उत्तर ९८,०००. सेकंड, फॉरमॅटमध्ये जाऊन बघा, किंवा कंस वापरा.

एचपी १२सी वर स्वल्पविराम आणि बिंदू यांची अदलाबदल होऊ शकते. बिंदूचं बटण दाबून धरून यंत्र चालू केलं की होते, तशीच परतही येते. १८.०००,०० दिसलं म्हणून घसारा अठरा झालेला नसतो.

तपासणी १०: आता यंत्राचं बघू

इथवर आलात आणि वरचं उदाहरण अजूनही जुळत नाही, तर बॅटरी बदला. एचपी १२सी वर बॅटरी उतरली की पडद्यावर डावीकडे खाली तारा लुकलुकतो. बीए टू प्लसला सेकंड, रिसेट, एंटर दाबल्यावर सगळं मूळपदावर येतं, पण सगळं म्हणजे सगळं, साठवलेले आकडे आणि दशांशही. आधी लिहून घ्या. एचपी १२सी ची स्वतःची चाचणी आहे: यंत्र बंद असताना ऑन धरून ठेवा, गुणाकाराचं बटण दाबा, मग आधी ऑन आणि नंतर गुणाकार सोडा. थोड्या वेळाने पडदाभर आठ दिसले तर आत ठीक आहे. त्यानंतरही उदाहरण चुकलं तर दुरुस्तीच्या नादी न लागता दुसरं यंत्र घ्या. बटण एकदा दाबून दोनदा उमटणाऱ्या यंत्रावर हिशेब करू नये.

कुठे थांबायचं आणि लेखापालाला बोलवायचं

कागदावरचं उदाहरण जुळतं आणि तुमची खरी मालमत्ता जुळत नाही, अशी वेळ आली की प्रश्न बटणांचा राहत नाही.

सगळ्यांत जास्त दिसणारा प्रकार म्हणजे आयुष्याचा अंदाज मध्येच बदललेला असतो. दोन वर्षं सरळ रेषेने घसारा लावला, पुस्तकी किंमत ६४,००० झाली, आणि मग ठरलं की मालमत्ता एकूण सात वर्षं चालेल. यंत्रात आयुष्य ७ करून वर्ष ३ विचारलं तर १२,८५७.१४ मिळतात. ते चूक आहे, कारण यंत्राला वाटतं पहिल्या दिवसापासूनच सात ठरले होते. असा बदल पुढच्या वर्षांना लागतो, मागची वर्षं उकरायची नसतात. नवा तक्ता करा: किंमत ६४,०००, मोडीची १०,०००, आयुष्य ५, वर्ष १. उत्तर १०,८००. हे यंत्रावर तुम्ही करू शकता. पण आयुष्य वाढवणं योग्य होतं का, आणि तो खरंच अंदाजातला बदल आहे की मागची चूक झाकली जातेय, हे ठरवणं तुमचं काम नाही. आयएएस ८ मध्ये या दोन गोष्टींना वागणूकच वेगळी आहे. मागच्या काळातली मोठी चूक असेल तर जुने आकडे दुरुस्त करून पुन्हा मांडावे लागतात.

पुढच्या गोष्टींतली एकही दिसली तरी कॅल्क्युलेटर खाली ठेवा. किमतीत जमीन मिसळलेली आहे आणि इमारत किती हे कुणी वेगळं केलेलं नाही (जमिनीला सहसा घसारा लागत नाही). एकाच मालमत्तेच्या भागांची आयुष्यं फार वेगळी आहेत. पुनर्मूल्यांकन झालंय, किंवा नुकसानीमुळे किंमत एकदम खाली आणलीय. वर्षाच्या मध्येच मालमत्ता विकली. कराच्या विवरणपत्रातला घसारा आणि पुस्तकातला घसारा एकच असावा असं कुणीतरी गृहीत धरलंय. मागच्या वर्षीचे सही झालेले आकडेच चुकीचे दिसतायत. विशेषतः या शेवटच्या वेळी स्वतःहून काहीही "जुळवून" टाकू नका. सापडलेला फरक, वापरलेली पद्धत, यंत्रात घातलेले सगळे आकडे आणि सुरुवातीचा महिना एका कागदावर लिहा आणि तो कागद लेखापालाकडे किंवा लेखापरीक्षकाकडे द्या. तेवढं हातात असलं की त्यांचं अर्धं काम तिथेच होतं.